वाटा म्हणजे टोपली नव्हे

गेल्या हिवाळ्यात एका संकलनाच्या संपादकांनी माझ्याकडे एक इंग्रजी लेख मराठीत आणण्यासाठी पाठवला. अमेरिकेतल्या एका छोट्या भाजीच्या शेतावरचे उन्हाळा सरतानाचे दिवस, असा विषय. शेत सभासदांच्या आगाऊ वर्गणीवर चालणारं; सभासद दर आठवड्याला येऊन आपली भाजी घेऊन जातात. लेख वाईट नव्हता. टोमॅटोवरचं तिरपं ऊन होतं, बोटांना राहिलेला बेझिलचा वास होता, भरलेली टोपली होती आणि टोपलीवरून आठवलेली आजी होती. मी तो आठ दिवस जवळ ठेवला आणि परत पाठवला. "वेळ नाही का?" असं संपादकांनी विचारलं. मी "नाही" म्हणाले. ते खोटं होतं. खरं कारण इथे लिहिते आहे, कारण असे लेख आता आपल्या भाषांमध्ये आवडीनं आणले जातात आणि आणणाऱ्यांत मीही आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पीक बुडालं तर तोटा कोण सोसणार, हे पेरणीच्या आधी ठरवून टाकणं हा अशा शेताचा प्राण आहे. टोपली त्यानंतर येते. कधी भरलेली येते, कधी अर्धी, कधी येतच नाही. आपण मात्र टोपलीचं भाषांतर करतो आणि करार गाळतो. साहित्यात हे चालून जातं. शेतात चालत नाही.

आधी शब्दांचंच बघू. इंग्रजी लेखातला 'उन्हाळ्याचा शेवट' म्हणजे ऑगस्ट, आपला श्रावण. आपला उन्हाळा मृगाच्या तोंडावर सरतो. ही अडचण तळटिपेनं भागते. 'हार्वेस्ट'चं तसं नाही. कापणी भाताची, वेचणी कापसाची, काढणी कांद्याबटाट्याची. टोमॅटो, वांगी, भेंडी यांचा असतो तोडा. पहिला तोडा, दुसरा तोडा, पाचवा तोडा. 'सुगी' असं लिहिलं की वाचकाला खळं दिसतं, रास दिसते, वर्षाचं काम पार पडल्याचं समाधान दिसतं. भाजीवाल्याच्या नशिबी ते समाधान नाही. दोन दिवसांआड तोडा. पाऊस असो, अंगात ताप असो, घरात लग्न असो. झाडावर माल थांबत नाही आणि तोडल्यावर तर मुळीच थांबत नाही. भाजीच्या शेताला 'सुगी' म्हणणारा अनुवादक पहिल्याच ओळीत शेतकऱ्याला सुट्टी देऊन टाकतो.

हे मला पुस्तकांतून कळलेलं नाही. २०२३च्या जुलैअखेर मी माझ्या ताईकडे गेले होते. ती मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात, कनेटिकट नदीच्या खोऱ्यात राहते. तिथली माती न्यू इंग्लंडमधल्या उत्तम मातींपैकी, आणि ती उत्तम आहे कारण नदीनंच ती आणून टाकली आहे. ताईनं फेब्रुवारीत, जमिनीवर बर्फ असताना, एका छोट्या शेताला ६५० डॉलर भरले होते. जून ते ऑक्टोबर, दर मंगळवारी तिचा वाटा.

मी पोचण्याआधी, १० आणि ११ जुलैला, वरच्या व्हरमाँट राज्यात मुसळधार पाऊस झाला. ते पाणी नदीनं खाली आणलं आणि खोऱ्यातली कितीतरी शेतं पाण्याखाली गेली. या शेताचा नदीकाठचा मोठा तुकडा गेला. रस्त्याच्या बाजूचा उंचावरचा लहान तुकडा वाचला. पूर ओसरल्यावर वरवर पाहता पुष्कळ पीक उभं होतं. पण पुराच्या पाण्यात सांडपाणी, तेल, काय काय मिसळलेलं असतं. ज्या भाजीच्या खाण्याच्या भागाला ते पाणी लागलं, ती माणसांच्या खाण्यासाठी बाजारात आणायची नाही, असा तिथला नियम आहे. त्यामुळे दिसायला धडधाकट पिकावर ट्रॅक्टर घालून ते मातीत गाडावं लागलं.

१ ऑगस्टला, मंगळवारी, मी ताईबरोबर वाटा आणायला गेले. गोठ्यासारख्या एका लाकडी कोठारात वाटप होतं. दारात फळा. त्यावर डावीकडे लिहिलं होतं: लसूण २ गड्ड्या, केल १ जुडी, टोमॅटो ४, बेझिल हवं तेवढं. उजवीकडे दुसरा रकाना होता: गाजर, बटाटा, कांदा, मका, भोपळा, कलिंगड. त्याखाली एकच शब्द, 'गेलं'. लसूण वरच्या तुकड्यातला, पुराच्या सुमारास उपटून आढ्याला वाळत टांगलेला. टोमॅटो प्लास्टिकच्या मांडवातले. ओळीत चाळीसेक माणसं असतील. आपापले चार टोमॅटो मोजून घेत होती.

परतताना मी गाडीत विचारलं, "ताई, पैसे परत मिळतील का गं काही?"

"कसले पैसे?"

"भाजीचे."

"भाजीचे नव्हतेच ते," ती म्हणाली. "शेताचे होते. मागच्या वर्षी झुकिनी इतकी आली की मी ऑफिसात वाटत होते, तेव्हा त्यांनी जास्तीचे मागितले का?"

त्या रात्री तिनं केलची पीठ पेरून भाजी केली आणि लसणाची चटणी. भाजी चौघांना पुरली नाही.

शुक्रवारी सकाळी सभासदांना कामाला यायची मुभा होती. ताईच्या जागी मी जात असे. ऊन चढायच्या आत पालेभाजी काढून थंड पाण्याच्या टबांत बुडवायची, शेताची ऊब तिच्यातून जावी म्हणून. मग वरच्या तुकड्यात तण उपटायचं. पूर ओसरताच तिथे जे लवकर येईल ते पेरलं होतं: मुळा, अरुगुला, पांढरा सलगम, फरसबी. मुळ्याला महिना लागतो, फरसबीला दोन. म्हणजे ऑगस्ट, जो त्या खोऱ्यात सगळ्यात भरभरून यायचा महिना, तो त्या वर्षी वाट बघण्यात गेला. १२ सप्टेंबरला, माझ्या शेवटच्या मंगळवारी, फरसबी आली. प्रत्येकी दोन मुठी. ओळ तेवढीच होती.

या शेतावर सुंदर ललित लेख लिहिता येईल, मला माहीत आहे. आढ्याला टांगलेला लसूण एवढं एक पुरे. पण तो लेख उजवा रकाना लिहिणार नाही. लिहिलाच तर 'निसर्गाचं रौद्र रूप' असं काही लिहील आणि पुन्हा आजीकडे वळेल. उजवा रकाना हा हिशेब आहे, आणि आपल्याला हिशेबात काव्य दिसत नाही.

या पद्धतीचा एक उगम जपानमध्ये आहे. तिथे तिला 'तेइकेइ' म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सर्रास 'शेतकऱ्याचा चेहरा असलेलं अन्न' असा दिला जातो आणि आपल्याकडच्या लेखांतही तोच येतो. वाचायला गोड वाटतो. मूळ शब्द अगदी कोरडा आहे: हात जोडून काम करणं, करार, भागीदारी, जपानी वर्तमानपत्रं दोन कंपन्यांनी हातमिळवणी केली तरी हाच शब्द वापरतात. तिथली सेंद्रिय शेती संघटना १९७१ साली स्थापन झाली. दुधातल्या आणि भाजीतल्या विषांना भ्यालेल्या शहरी गृहिणी आणि थोडे शेतकरी एकत्र आले होते. साहित्याचाही त्यात हात होता. आरियोशी सावाको या कादंबरीकार बाईंनी १९७४-७५मध्ये 'आसाही शिंबुन' या दैनिकात 'फुकुगो ओसेन', म्हणजे 'संमिश्र प्रदूषण', ही लेखमालिका लिहिली आणि ती घराघरांत वाचली गेली. १९७८ साली संघटनेनं तेइकेइची दहा तत्त्वं ठरवली. त्यांत चेहऱ्याबद्दल फारसं काही नाही. ठरवून पिकवायचं, पिकेल ते सगळं खाणाऱ्यांनी घ्यायचं, भाव दोघांनी एकमेकांची अडचण समजून ठरवायचा, माल पोचवायचं काम आपणच करायचं, अशी ती आहेत. चेहरा उरला, तत्त्वं गेली. वाईट भाषांतर ते हेच.

अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या इंडियन लाइन फार्मवर आणि न्यू हॅम्पशरमधल्या टेंपल-विल्टन फार्मवर हे सुरू झालं, असं बहुतेक लेख सांगतात. अलाबामातल्या टस्कीगीचे कृष्णवर्णीय कृषितज्ज्ञ बुकर व्हॉटली त्याच्याही आधीपासून लहान शेतकऱ्यांना सांगत होते की गिऱ्हाइकांचा सभासद-गट करा, पैसे आगाऊ घ्या. ते पुष्कळ लेखांत नसतात. आजी असते.

आता 'कम्युनिटी' या शब्दाकडे येते. सरकारी वळणाचा प्रतिशब्द आहे 'समाजाधारित शेती'. बडोद्यात, जिथे मी राहते, एका वाचनात मी तो वापरला. कार्यक्रमानंतर एका वयस्कर गृहस्थांनी अगदी निर्मळ मनानं विचारलं, "कुठल्या समाजाची शेती?" ते चुकले नव्हते. मराठीत काय, गुजरातीत काय, समाज म्हणजे आधी जात. ब्राह्मण समाज, माळी समाज, पाटीदार समाज. लग्नाच्या जाहिरातीत 'कम्युनिटी'चाही तोच अर्थ असतो. या शब्दात समाज आयता गृहीत धरलेला आहे. ताईच्या शेतावर तो दर फेब्रुवारीत पैसे भरून नव्यानं बनतो.

आणि 'शेअर'? इथे मला सगळ्यात जास्त भांडायचं आहे. या विषयावर कुठेही बोला, सभेत एकजण उठतोच: "हे आपल्याकडे पूर्वीपासून होतं. गावगाडा काय होता मग? बलुतं काय होतं?" होतं खरं. सुतार, लोहार, न्हावी, महार वर्षभर राबायचे आणि पीक आलं की खळ्यावर आपला वाटा घ्यायला यायचे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा'त ही व्यवस्था तपशिलानं मांडली. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला नाव दिलं 'बलुतं', आणि त्यानंतर तरी मराठी माणसाला हा शब्द गहिवरून उच्चारता यायला नको होता. त्या खळ्यावर जोखमीतही वाटा होता, हे मी मान्य करते. दुष्काळ पडला की बलुतं आटायचं. पण ती जोखीम ज्याच्याकडे काही नव्हतं त्याच्या डोक्यावर जन्मानंच ठेवलेली होती, आणि ती नाकारायची मुभा त्याला नव्हती. महार वतनाच्या जोखडातून आपल्या माणसांना सोडवण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. वतनं कायद्यानं गेली १९५८च्या सुमारास. ताईच्या शेतावर उलट होतं: ज्यांना तोटा परवडतो त्यांनी तो आपणहून घेतला होता. या दोन गोष्टींना एकच शब्द लावणं ही नुसती भाषेची ढिलाई नव्हे, तो अन्याय आहे.

मराठीच्या बाहेरही हेच दिसतं. गुजरातीत 'भागियो' म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राबून पिकाचा चौथा-पाचवा हिस्सा नेणारा, बहुतेक वेळा आदिवासी. त्याच्या शेजारचा मराठी 'भागीदार' मात्र दुकानाच्या पाटीवर असतो. मी ज्या शहरात एम.ए. केलं तिथे 'भागचाषी' हा शब्द उच्चारताच तेभागा आठवतं: १९४६ साली बंगालच्या कुळांनी पिकाच्या तीन वाट्यांपैकी दोन मागितले आणि त्यासाठी माणसं गोळ्यांना बळी पडली. इंग्रजीतला 'शेअर' आज हलका झाला आहे. फोटोही शेअर होतो. आपल्या भाषांमध्ये पिकाचा वाटा हलका कधीच नव्हता. मराठीत तर सुखापेक्षा दुःखच जास्त वेळा 'वाट्याला येतं'. शब्दातलं हे वजन अनुवादकाला ओझं वाटतं आणि तो ते उतरवून ठेवतो. मला वाटतं तेच वजन कामाचं आहे.

मी त्या शेताची आरती ओवाळते आहे, असं कुणी म्हणेल. तर मग तिथलंही सांगते. ओळीत उभे असलेले आम्ही वाटेकरी. पण आठवडाभर तोडा करणारे चारजण, त्यांतले दोघे मध्य अमेरिकेतून आलेले, त्या ओळीत नव्हते. अमेरिकेचा १९३५चा कामगार संघटनांचा कायदा शेतमजुरांना लागू केलेला नाही. १९३८चा किमान वेतनाचा कायदा झाला त्यातूनही त्यांना वगळलं होतं, आणि जादा कामाच्या जादा दरातून ते आजही वगळलेले आहेत. २०२३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सर्वसाधारण किमान वेतन तासाला १५ डॉलर होतं, शेतमजुराचं ८. या शेतावर त्याहून बरंच जास्त देत होते, असं मालकीणबाईंनी सांगितलं आणि माझा त्यावर विश्वास आहे. तरीही पुराच्या वर्षी कुणाचे तास कमी झाले, हे फळ्याच्या उजव्या रकान्यातही नव्हतं. आणि फेब्रुवारीत एकदम ६५० डॉलर काढून देणं सगळ्यांच्या ऐपतीतलं नाही. टेंपल-विल्टनमध्ये यावर उपाय केलेला आहे: वर्षाचं अंदाजपत्रक सभासदांच्या सभेत मांडतात, जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा बोलतो, आणि बेरीज पुरेपर्यंत बोलणं चालू राहतं. अशा सभेचं वर्णन करणारा ललित लेख मी आनंदानं अनुवादित करीन.

त्याच ऑगस्टमध्ये माझा फोन भारतातल्या टोमॅटोच्या विनोदांनी भरला होता. दीडशे-दोनशे रुपये किलो. जुलैच्या मध्यापासून सरकारनं गाड्या लावून ९० रुपयांनी टोमॅटो विकायला सुरुवात केली होती. कुणी टोमॅटोला मंगळसूत्रात ओवलं, कुणी लॉकरमध्ये ठेवलं. सप्टेंबरमध्ये भाव कोसळले. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. विनोद थांबले होते. आमच्या साहित्यिक गटात, जिथे जुलैभर महागाईवर चारोळ्या पडत होत्या, त्यावर एक ओळ आली नाही. भाव चढला की आपण बोलतो, कारण तो आपल्या वाट्याला येतो. पडतो तेव्हा दुसऱ्याच्या.

आणि आता माझं. २०१९ साली बडोद्याजवळ एका तरुण जोडप्यानं खंडानं जमीन घेऊन असाच एक गट सुरू केला. तीस घरं, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. मीही होते. पावसाळ्यात पालेभाज्या सडल्या आणि सलग तीन आठवडे दुधी आणि चवळी आली. मी गटावर लिहिलं, "दुधीचे अजून किती प्रकार करायचे?" पुढे हसरा चेहरा. बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले. तिमाही संपल्यावर मी पैसे भरले नाहीत, आणखी दहा-अकरा घरांनीही भरले नाहीत. दिवाळीपर्यंत गट बंद झाला; ते आता व्यापाऱ्याला माल देतात. कधी बाजारात भेटले तर "केम छो, बेन?" म्हणून हसतात. मला मान वर करून बोलता येत नाही.

त्याच तिमाहीत मी अशाच एका शेतावरचा लेख मराठीत आणला होता. मानधनही मिळालं. 'शेअर'साठी मी शब्द वापरला होता 'पेटी'. नको असलेली पेटी परत करता येते, पुढच्या वेळी मागवली नाही तरी चालतं. मी शब्द निवडला आणि वागलेही त्याप्रमाणेच. म्हणून शब्दांवरून भांडते आहे.

संपादकांना आणि माझ्यासारख्या अनुवादकांना माझं सांगणं फार नाही. शेतावरचा लेख हाती आला की चार गोष्टी विचारा: पैसे कुणी दिले, कधी दिले, काय बुडालं, तोडा कुणी केला. लेखात उत्तरं नसतील तर लेखकाला लिहून विचारा. तो जिवंत असतो, ई-मेलला उत्तर देतो. 'सभासद', 'ग्राहक', 'पेटी' यांच्या जागी 'वाटेकरी' आणि 'वाटा' लिहून बघा आणि वाक्य ते शब्द पेलतं का ते पाहा. पेलत नसेल तर त्या शेतावर वाटा नसून दुकान आहे, आणि तसं लिहायला हरकत नाही. दुकान ही वाईट गोष्ट नव्हे. दुकानाला शेत म्हणणं वाईट.

तो लेख मी परत केला तेव्हा हे सगळं कळवायला हवं होतं. आता हा अंक त्यांना पाठवीन. या जूनपासून मी बडोद्यातल्या दुसऱ्या एका गटात आहे. सहा महिन्यांचे पैसे भरले आहेत. पाऊस जोरात आहे. या आठवड्यातही दुधीच आला.